सुटली म्हण, आये

हशीश हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून. दुसरी मोठी लढाई संपून तो घरी आला त्याला दोन-तीन महिने झाले असतील. मी पहिल्या बाळंतपणासाठी कुंडलहून माहेरी आले होते, वडूजकडच्या आमच्या गावी. दिवस भरत आलेले, उठबस जड झालेली, म्हणून दिवसभर सोप्यात बसून मटकी नाहीतर हुलगे निवडत राहायची. भाऊ समोरच्या कट्ट्यावर बसून एका चपट्या पत्र्याच्या डबीत नखानं काहीतरी उकरत होता. "काय रं दादा त्ये?" म्हणून विचारलं, तर म्हणाला, "हशीश." मला वाटलं, हा शिंकतोय की काय. मी हसले आणि तोही हसला. परत आल्यापासून तो पहिल्यांदाच हसला होता, म्हणून ती दुपार माझ्या लक्षात राहिली.

आता हा शब्द पेपरात मोठ्या अक्षरांत येतो आणि घरातली पोरं मला त्याचा अर्थ समजावून सांगतात, जसं काही ते कालपरवाच विमानातून उतरलंय. मी ऐकून घेते. म्हातारीला काही ठाऊक नसतं असं समजणाऱ्यांना समजू द्यावं, आपलं त्यात काही जात नाही.

ठाऊक सगळ्यांनाच होतं, फक्त नाव वेगळं होतं. आमच्या गावाबाहेर महादेवाचं देऊळ, त्याच्या मागं एक मठी आणि मठीत एक गोसावी. तिन्हीसांजेला चार-पाच म्हातारे तिथं जमायचे. गांजा तालुक्याच्या गावी सरकारी परवान्याच्या दुकानात मिळायचा, त्यात लपवाछपवीचं काही नव्हतं. लाज होती ती वेगळ्याच गोष्टीची. आई म्हणायची, "गोसाव्यानं वडला तर परसाद, आन् संसाऱ्यानं वडला तर गंजडी." म्हणजे धूर तोच, पण कुणाच्या नाकातून निघतो ते बघून गाव तोंड वाकडं करायचं.

भावानं मला त्या दुपारी सगळं नीट सांगितलं. लढाईतलं काही सांगायचा नाही, पण ह्याबद्दल हौसेनं बोलायचा. "झाड एकच गं. पाला वाटला की भांग. तुरा वाळवला की गांजा. आन् झाडाच्या अंगचा चीक गोळा करून दाबला की चरस. तिकडं मिसरात त्येलाच हशीश म्हंत्यात." डबीतला खडा त्यानं माझ्या तळहातावर ठेवला. काळपट तपकिरी, गुळाच्या जुन्या ढेपेचा तुकडा असावा तसा. हाताच्या उबेनं जरा मऊ आला. मिसर म्हणजे इजिप्त, त्याची पलटण तिथं होती. तिथली माणसं म्हणे करवंटीत पाणी भरून, वर बोरूची नळी लावून ओढतात, धूर पाण्यातून गार होऊन येतो. हा मात्र आपल्या मातीच्या चिलमीवरच होता. खडा ऊन करायचा, तळहातावर तंबाखूत चुरायचा, अंगठ्यानं मळायचा. चिलमीच्या गळ्यात एक बारीक दगड टाकायचा, नाहीतर सगळं तोंडात येतं. मग चिलमीच्या खालच्या तोंडाला ओल्या फडक्याची घडी गुंडाळायची, तिला छापी म्हणतात, आणि मुठीतून दम घ्यायचा. एक दम, फार तर दोन. मग तो भिंतीला टेकून बसायचा, डोळे उघडे, आणि हात मांडीवर पालथे टाकलेले.

धुराचा वास वाईट नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते. जळत्या गोवरीवर कुणी धूप टाकावा तसा यायचा. वाईट होतं ते नंतरचं. हाक मारली तर 'ओ' यायची, पण ती लांबून आल्यासारखी. पुढ्यात भाकरी ठेवली तर अर्धी खाऊन उरलेलीकडे बघत बसायचा. जनावरं दावणीला तहानेली राहायची आणि ह्याला पत्ता नसायचा. एकदा आईनं ओरडून ओरडून घसा कोरडा केला, तर शांतपणे म्हणाला, "आये, तुझा आवाज लय चांगला हाय." आई तिथंच रडायला बसली.

तो हे का करत होता ते मला माहीत होतं. पलटणीत त्याचं काम बंदूक चालवायचं नव्हतं, जखमी उचलायचं होतं. पुढं एक, मागं एक, मधे कापडाची डोली आणि डोलीत माणूस. लढाईची सगळी वर्षं त्यानं ते केलं. मला एवढंच म्हणाला, "बाय, ह्ये हात रिकामंच व्हत न्हाईत गं. निजलो तरी वझं धरल्यागत वाटतंय. एक दम मारला की हलकं व्हत्यात." आणि हात खरंच थरथरायचे. पाण्याचा तांब्या उचलला की त्यातलं निम्मं पाणी कट्ट्यावर.

हे सांगून समजण्यासारखं नव्हतं. आमच्या आळीतला आणखी एक जण लढाईवरून लंगडत आला होता. त्याचं लंगडणं सगळ्यांना दिसायचं, म्हणून त्याला देवळात पुढं बसायला जागा मिळायची. माझ्या भावाच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. धडधाकट माणसानं दिवसभर भिंतीला टेकून बसावं, ह्याला गावात एकच शब्द होता आणि तो चांगला नव्हता. आमचे वडील आधीच वारलेले, घरात आई आणि तो. आईला दुसरं काही नको होतं. मेडल नको, पगार नको. गेला होता तसा लेक परत पाहिजे होता.

मला मुलगा झाला. बाळंतिणीची खोली म्हणजे काळोखच. दाराला पोतं, खिडकी नाही, बाजेखाली शेगडी आणि धुरी. सकाळी आई न्हाऊमाखू घालायची आणि मग सहाणेवर गुटी उगाळायची. वेखंडाचे दोन वेढे, मायफळाचा एक, हळकुंडाचा एक, आणि शेवटी काळा बोळ. बोळ म्हणजेही वाळलेला चीकच. काळा, खडीसारखा, कडूजहर. तो दिला की बाळाचं पोट साफ राहतं. ही सगळी औषधं एका फडक्यात बांधून भिंतीतल्या देवळीत ठेवलेली असायची.

त्याच देवळीत, आम्ही न्हाणीत असताना, भावानंही आपला एक खडा चिंधीत गुंडाळून ठेवला होता. डबीत न मावलेला खडा आढ्यावर ठेवला तर उंदरांनी कुरतडला होता, आणि बाळंतिणीच्या खोलीत दिवसरात्र माणूस असतं, तिथं उंदीर येत नाही, एवढाच त्यानं विचार केला. पुरुषाची अक्कल.

पोर सव्वा महिन्याचं झालं असेल. त्या सकाळी आईनं नेहमीसारखी गुटी उगाळली, माझ्याच दुधात कालवली आणि बोटानं चाटवली. पोर झोपलं. छान झोपलं. आई खुशीत होती, म्हणाली, "आज बोळ मानवला बघ." दुपारी मी पाजायला घेतलं तर तोंड उघडेना. ओठांवर दूध पिळलं तर ते गालावरून खाली गेलं. हात उचलला तर ओल्या कपड्यासारखा खाली पडला. श्वास चालू होता, पण मधेच थांबायचा आणि आपण मोजायला लागलो की पुन्हा सुरू व्हायचा. आईनं कांदा फोडून नाकाला लावला, तळव्यांना सुंठ चोळली, दृष्ट काढली, देवाला नवस बोलली. मी नुसती त्याच्या तोंडाकडे बघत होते.

भाऊ जेवायला आला. आमचं ऐकून आत आला, खरं म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं यायचं नसतं. त्यानं पोराकडे बघितलं. मग खाली ठेवलेली सहाण उचलली आणि वास घेतला. बस, एवढंच केलं. त्याचं तोंड असं पांढरं झालं की आईनं बोळ म्हणून काय उगाळलं ते मला कुणी सांगावं लागलं नाही.

पोराला छातीशी धरून तो वडूजला डॉक्टरकडे पळाला. मागून आई, डोईवरचा पदरसुद्धा सावरला नाही. मी बाजेवर. मला घराबाहेर पडायची मनाई. त्या खोलीत मी एकटी सहाणेकडे बघत बसले. तिच्यावर तो तपकिरी ओघळ वाळत चालला होता. डॉक्टरनं औषध असं काही दिलं नाही. असतं तर द्यायचा. पोराला उभं धरायचं, तळव्यांना टिचक्या मारायच्या, झोपू द्यायचं नाही, श्वास चुकला की हलवायचं. हे भावानं केलं, दिवस कलेपर्यंत. आई सांगायची, तेवढा वेळ त्याचे हात जराही थरथरले नाहीत.

दिवेलागणीला मला आळीतून रडणं ऐकू आलं. लेकराचं रडणं ऐकून मी आयुष्यात कधी एवढी सुखावले नव्हते. वाटलं, रड बाबा, गाव डोक्यावर घे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं डबीतला सगळा माल चुलीत घातला. चूक अशी की चुलीत घातला. घरभर धूर कोंडला, आम्ही सगळी खोकत बाहेर. भाऊ अंगणात डोळे मिटून उभा. धूर निवळल्यावर आईनं त्याला देव्हाऱ्यापुढं बसवलं, पोराला माझ्याकडून घेऊन त्याच्या मांडीवर दिलं, आणि त्याचा उजवा हात पोराच्या टाळूवर ठेवला. "म्हन, पुन्यांदा चिलमीला तोंड लावलं तर ह्या लेकराचं..." पुढचं ती बोलली नाही. त्यानंही तेवढंच म्हटलं आणि तिथंच थांबला.

उगाळलं आईनं, ठेवलं भावानं, आणि डोकं मात्र माझ्या लेकराचं. मला कुणी विचारलं नाही. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला होता आणि आजही थोडा आहे. पण बाळंतिणीला कोण विचारतो.

शपथेचा आमच्याकडचा कायदा सगळ्यांना पाठ असतो. घातलेली शपथ आपोआप उतरत नाही. ज्यानं घातली त्यानंच तोंडानं 'सुटली' म्हणायचं. लहानपणी आम्ही ऊठसूट एकमेकांना गळ्याशपथा घालायचो आणि मग "सुटली म्हण, सुटली म्हण" करत मागं लागायचो. समोरच्यानं 'सुटली' म्हटलं की झालं, मोकळे. नाही म्हटलं तर रडून घर भरायचं. मोठेपणी खेळ संपतो, पण कायदा तोच राहतो.

भावानं शपथ पाळली. पाळली म्हणजे कशी, ते मी डोळ्यांनी बघितलं. अंगाला घाम, अन्नावर वासना नाही. रात्री ओरडून उठायचा ते शेजारच्या घरापर्यंत ऐकू जायचं. दिवसा कामाला जायचा, पण हातातलं खुरपं कधी सुटून पडेल त्याचा नेम नाही. बसला की दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचा. मठीवरून येणाऱ्या वाटेनं जायचंच सोडलं, लांबचा वळसा घालून रानात जायचा. आणि पोराजवळ कधी यायचा नाही. मी म्हटलं, "घे की त्येला." तर म्हणाला, "नगं. डोक्याला हात लागंल." एकदाच ठेवलेला हात, त्याची त्याला अशी धास्ती बसली होती.

एकदा मला एकटीला गाठून म्हणाला, "बाय, आयेला सांग. एकदा सुटली म्हन म्हनावं. मी वडणार न्हाई. पन ह्ये लेकराच्या डोक्यावरचं काढून घी म्हनावं. रोज वाटतंय, आज चुकनार." मी आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "सुटली म्हनलं की सांजच्याला मठीत बसंल. मला ठावं हाय." मी पुन्हा विचारलं, तर परातच सरकवली.

गाव मात्र खूश होतं. आई तर जास्तच. लेक पुन्हा माणसांत आला म्हणून तिनं मारुतीला शेंदूर वाहिला. माझी कुंडलला परत जायची बोलणी चालली होती, त्या सुमाराची गोष्ट. शेजारीण ताक मागायला आली. मी चुलीपाशी, भाऊ मागं गोठ्यात शेण काढत होता. मधे कुडाची भिंत, पलीकडचं सगळं ऐकू जायचं. शेजारणीनं विचारलं, "आवं, लेकाची चिलीम सुटली म्हनं?" आणि आई फुशारकीनं, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "सुटली! सुटली गं बाय, देवाच्या किरपेनं सुटली!"

गोठ्यातला खराटा थांबला. मी ऐकलं, पण मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. वाटलं, काम झालं असेल.

त्यानं प्रश्न ऐकला होता की नाही, देव जाणे. ऐकला असेलही. पण महिनाभर जो शब्द आईच्या तोंडून यावा म्हणून तो तडफडत होता, तो शब्द आईच्या तोंडून आला होता, एकदा नाही, तीनदा. कशाबद्दल आला हे विचारायला माणूस आधी पोटभर झोपलेला लागतो. तो हातपाय धुऊन सरळ मठीकडे गेला.

दुपारी आला तो हसतमुख. आल्या आल्या त्यानं पोराला माझ्या मांडीवरून उचललं, पहिल्यांदाच, आणि हवेत धरलं. पोरही खुदकन हसलं. आई बाहेरून आली, जवळ गेली आणि तिला वास आला.

"वडलीस?"

"व्हय. तूच सुटली म्हनलीस की. तीनदा म्हनलीस."

"मी चिलमीचं म्हनले रं! चिलीम सुटली म्हनले! शपथ कवा सुटली म्हनले?"

भाऊ तसाच उभा. पोर हातात. एखाद्यानं पायाखालची फळी काढावी तसं त्याचं तोंड झालं. त्यानं पोराला इतकं हळू माझ्याकडे दिलं की मला वाटलं, काचेचं भांडंच देतोय.

तेव्हासुद्धा वेळ होती. आईनं तेव्हा 'सुटली' म्हटलं असतं तर सगळं तिथं मिटलं असतं. पण आठवड्यापूर्वीच देवी टोचणारा गावात येऊन गेला होता, आणि आळीतल्या सगळ्या पोरांसारखा माझ्याही पोराला त्या संध्याकाळी ताप भरला. दंड सुजला, अंग तव्यासारखं. टोचल्यावर ताप येतोच, हे आईला ठाऊक होतं. तिला तीन पोरं झाली, त्यातलं एक तिनं देवीतच घालवलं. पण भीतीला कसलं शहाणपण. ती उंबऱ्यात बसून कपाळ बडवत म्हणाली, "भवली! शपथ भवली रं! मारलंस लेकराला!"

तो गोठ्याच्या दाराशी होता. त्यानं ऐकलं. सकाळी बघितलं तर घरात नव्हता. पलटणीतली पेटी जागच्या जागी, घोंगडी घडी घालून ठेवलेली. वडूजच्या स्टँडवर तो कुणाला दिसला नाही, साताऱ्याला आमच्या भावकीतल्याकडे गेला नाही. पोराचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. दंडावर खपली धरली आणि ते पुन्हा लाथा झाडायला लागलं. पण हे त्याला सांगणार कोण आणि कुठं? तो निघाला तेव्हा पोर तापानं फणफणत होतं, त्याच्या लेखी पोर मेलंच.

मी कुंडलला परतताना आई वेशीपर्यंत आली. म्हणाली, "तुज्या सासरकडं सांगलीपतुर मानसं जात्यात. कुठं दिसला तर सांग, सुटली म्हनावं." मी चिडूनच बोलले, "आदी म्हनायचं हुतं." ती पदर सावरत माघारी वळली. मला तिची ती पाठ पुढं फार दिवस छळत राहिली, पण बोलले ते खोटं नव्हतं.

दोन-अडीच वर्षं गेली. देशाचा झेंडा बदलला, आमच्याकडे जाळपोळ झाली, कितीतरी घरं उठली. पोर धावायला लागलं. आमच्या मालकांची हळद सांगलीच्या पेठेत जायची. एकदा हळद उतरवून आले ते जेवायलाही बसले नाहीत. म्हणाले, "तुज्या भावागत मानूस बघितला. किस्नेच्या घाटावर. बैराग्यांच्यात."

आईला निरोप धाडला. ती आली ती हुरडा, लाडू आणि भावाचं धुतलेलं धोतर-पैरण घेऊन. परत न्यायचंच म्हणून आली होती. पुढच्या हळदीच्या गाडीत पोत्यांवर बसून आम्ही निघालो. आई, मी आणि पोर. आई वाटेत ठरवत होती, त्याला आधी न्हाऊ घालायचं, मग काय करायचं, कुठली पोरगी बघायची. पिवळ्या धुळीनं आम्ही तिघं नवरीसारखी माखलेलो होतो.

घाटावर उन्हं चांगली वर आली होती. पिंपळाच्या पारापाशी चार-पाच बैरागी आणि त्यांच्यात तो. मी ओळखलं ते हातांवरून. एरवी काही ओळखण्यासारखं उरलं नव्हतं. गालफडं बसलेली, दाढी, केसांच्या जटा. मांडी घालून तो तळहातावर चरस मळत होता आणि एक एक चिलीम भरून पुढं देत होता. बैरागी ओढत होते. त्याच्याकडे चिलीम आली की तो ती पुढच्याला द्यायचा. मी जवळच्या एका बैराग्याला विचारलं तर तो म्हणाला, "हा कधी ओढत नाही, माई. नुसता भरतो. त्याच्यासारखी कुणाला भरता येत नाही."

आई समोर जाऊन उभी राहिली. त्यानं वर बघितलं आणि पुन्हा खाली. जसं काही रोजच ती येऊन उभी राहते आणि रोजच नसते.

"दादा," मी म्हटलं, "अरं, हितं बसून काय करतोस?"

"वास येतो," तो म्हणाला. "वासाला शपथ न्हवती."

तेवढ्यात पोर माझं बोट सोडून त्याच्यासमोर गेलं आणि तिथले खडे वेचायला लागलं. तो पोराकडे बघत राहिला.

"ह्यो कुणाचा?"

"तुजा भाचा न्हवं का."

"त्यो न्हवं. त्याच्यामागचा व्हय?"

"मागचापुढचा कुणी न्हाई. ह्यो त्योच. दंड बघ." मी पोराची बाही वर केली. देवीची खूण चांगली रुपयाएवढी होती. त्यानं बोट पुढं केलं, खुणेपर्यंत नेलं, पण टेकवलं नाही. मग त्याच्या तोंडून एक आवाज निघाला. त्याला रडणं म्हणावं की काय म्हणावं, मला आजही सांगता येत नाही. बैरागी एक एक करून उठले आणि नदीकडे गेले. साधू असले तरी त्यांना कळलं.

आई पायरीवर टेकली. "सुटली रं," ती म्हणाली. "माज्या सोन्या, सुटली."

त्यानं तिच्याकडे बघितलं. मग विचारलं, "कंची, आये? चिलीम का शपथ?"

तो टोमणा मारत नव्हता. एकदा फसलेला माणूस होता, खात्री करून घेत होता.

"शपथ," आई म्हणाली. "शपथ सुटली. ह्या लेकराच्या डोक्यावरनं मी काढून घेतली."

"परत म्हन."

"शपथ सुटली."

भरलेली चिलीम त्याच्यापुढंच होती. त्यानं छापी पाण्यात बुडवून पिळली, चिलमीला गुंडाळली आणि दोन्ही मुठी तोंडाशी नेल्या. चिलीम ओढणाऱ्याचे दोन्ही हात चिलमीतच अडकलेले असतात. पेटवायला दुसरा माणूस लागतो, आणि बैरागी तर नदीत. तो तसाच मुठी धरून बसला. हात एवढे थरथरत होते की वरची तंबाखू सांडत होती. मला वाटलं, आता आई उठेल आणि ती चिलीम हिसकून नदीत फेकेल. तशी ती होतीच.

आईनं पायरीवरची काडेपेटी उचलली. दोन काड्या तिच्या हातून मोडल्या. तिसरी पेटली, तिला तळहाताचा आडोसा करून तिनं ती चिलमीवर धरली. "वड," ती म्हणाली. ताटात भाकरी वाढून 'खा' म्हणायची, त्याच आवाजात.

त्यानं एक दम घेतला आणि खूप खोकला. मग पिंपळाला टेकून बसला. हात मांडीवर टाकले. पोरानं वेचलेले खडे त्याच्या तळहातावर एक एक ठेवले आणि एकही खाली पडला नाही. थोड्या वेळानं तो तिथंच आडवा झाला आणि झोपला. आई पदरानं त्याच्या तोंडावरच्या माश्या वारत बसली. धोतर-पैरणीचं गाठोडं तिनं त्याच्या उशाशी सरकवलं.

गाडी निघायची वेळ झाली. गाडीवान दोनदा हाक मारून गेला. मी म्हटलं, "उठवू का?"

"नगं," आई म्हणाली. "किती दिसांनी झोपलाय, कुणाला ठावं."

पेठ मागं पडली, नदी दिसेनाशी झाली. पोर माझ्या मांडीवर पेंगुळलं होतं. आई रिकाम्या पोत्यांवर बसून आपल्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली, "आपुन त्येला घरला न्याया आलतो गं."